अक्काची सही

हॅनोव्हर, १० नोव्हेंबर १९६३

यशवंता,

आधी आशीर्वाद लिहायचा असतो. तो राखून ठेवलाय. कागदाच्या शेवटी जागा उरली आणि तोवर माझा राग उतरला तर देईन.

नऊ वर्षांनी अक्काचं पत्र आलं म्हणून चष्मा पुसत बसू नकोस. तुझ्याशी बोलायचं नाही हा माझा पण मोडलेला नाही. वीणासाठी थोडा बाजूला सरकवलाय, एवढंच. तुझी लेक सुखरूप पोचली. बोटीत निम्मे दिवस उलट्या झाल्या, पण तिच्या आईने, लतिकाने, दिलेलं मेतकूट तिने सांडू दिलं नाही. लतिकाला सांग, मेतकूट पोचलं आणि अर्धं संपलंही.

स्टेशनवर मी पोरीला ओळखलंच नाही. मी देश सोडला तेव्हा दोन वेण्यांची होती. ती मात्र गर्दीतून थेट माझ्यापुढे आली आणि म्हणाली, "आत्या, तू अगदी बाबांसारखी उभी आहेस, हात मागे बांधून." हे पहिलं वाक्य. म्हटलं, आल्या आल्या शिवी दिलीस!

आता कामाचं. इथे गोटिंगेन म्हणून गाव आहे, गाडीने दीड तास, तिथे डॉक्टरीचं कॉलेज आहे. त्यांनी परदेशी मुलांकडून नऊ कागद मागितलेत. वीणाकडे आठ आहेत. नववा म्हणजे तुमच्या सांगलीच्या कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्र. मी विचारलं, बोटीत राहिलं का? तर मान खाली घालून म्हणाली, "बाबा समितीवर आहेत ना, म्हणून नाही मिळालं."

म्हणून नाही मिळालं! अरे, लोक 'म्हणून मिळालं' असं सांगतात.

समितीत तुम्ही तिघं. बाकीचे दोघं द्यायला तयार, आणि तू म्हणालास की मी ह्या खुर्चीत असेपर्यंत माझ्या मुलीचं नाव टेबलावर येणार नाही. स्टेशनमास्तरांच्या मुलाला दिलंस. तो फिजिक्समध्ये दोनदा बुडाला होता. पहिली आलेली पोर तेवढी तुझ्या पोटी जन्मली ही तिची चूक. ह्यांच्या वेळीही तू हेच केलंस. शाळेच्या वर्कशॉपात शिक्षकाची जागा होती, ह्यांच्याएवढा लेथवरचा हात जिल्ह्यात नव्हता, आणि तू साधा चारित्र्याचा दाखलाही दिला नाहीस, कारण मेहुणे. ते काही बोलले नाहीत. अजूनही बोलत नाहीत. इथल्या कारखान्यात आता त्यांच्या हाताखाली सहा जर्मन आहेत, हे मी तुला कळवत नाहीये, सहज लिहिलं.

अर्जाची मुदत पंधरा फेब्रुवारी. पत्र पाठव. त्यात खोटं काही लिहायचं नाही. मुलगी हुशार आहे, वागायला सरळ आहे, एवढंच.

जागा संपली. आशीर्वाद राहिला.

अक्का


हॅनोव्हर, ८ डिसेंबर १९६३

यशवंता,

चार ओळी आल्या. मोजल्या. दोन ओळी तत्त्वाच्या, एक ओळ हवेची, आणि शेवटची "वीणा वेळेवर जेवते ना?" पहिल्या तीन लिहिल्या नसत्यास तरी चाललं असतं.

जेवते. तुझ्यासारखीच जेवते, ताटात पुस्तक ठेवून.

मी तिसरी शिकलेली बाई, तत्त्व वगैरे मला कळत नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करते. पगाराच्या वहीवर मराठीत सही करते, तर तिथली बाई दर वेळी म्हणते, फ्राऊ पाटणकर, किती सुंदर चित्र! तिला ती रांगोळी वाटते. पण एक मला कळतं. डाग कुणाच्या चादरीचा आहे ते बघून कोणी साबण लावत नाही. तुला स्वतःच्या घरची चादर तेवढी धुवायची नाही.

वीणा आता माझ्याच इस्पितळात आहे. डॉक्टरीला जायच्या आधी इथे दोन महिने नर्सांच्या हाताखाली राबावं लागतं. भांडी द्यायची, अंग पुसायचं, म्हाताऱ्यांना भरवायचं. मी मनात म्हटलं, प्रोफेसरांची लेक, दोन दिवसांत रडत येईल. नाही आली. एक म्हातारा आहे, कोणाला हात लावू देत नाही, थुंकतो. ही त्याच्यापाशी बसून राहते. तो थुंकतो, ही पुसते, पुन्हा चमचा धरते. चौथ्या दिवशी जेवला. मी चादरी न्यायला गेले होते तेव्हा दारातून बघितलं. तू बघायला हवं होतंस.

तिथली मुख्य नर्स, श्वेस्टर हिल्डेगार्ड, माझ्याहून तिरसट आहे. एवढं म्हटलं की समजून जा. परवा वीणाने साखरेच्या रोग्याला साखर घातलेला चहा दिला. कोणी बघितलं नव्हतं. रोगी तर खूश होता! ही स्वतः हिल्डेगार्डकडे गेली आणि सांगितलं. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. मी विचारलं, "गप्प का नाही बसलीस? त्याला काही झालं का?" म्हणाली, "झालं असतं तर, आत्या?" आणि वर, "बाबा गप्प बसले नसते."

हा तुझा आजार तिला लागलाय. इथे त्यावर औषध नाही.

अरे, तुला आठवतं का? तुझी प्रगतीची पुस्तकं. गणितात लाल शाई आली की तू न्हाणीघरामागे जाऊन बसायचास आणि मी बाबांची सही ठोकून द्यायचे. मला स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं, पण "रा. वि. कुंटे" असं काढायचे की बाबांनीच काढावं. चौदा वेळा. तेव्हा तत्त्व कुठे होतं रे? माझ्या परकराच्या ओच्यात?

पाठव ते पत्र. वीणा मागत नाहीये, मी मागतेय. तिने तुझं पत्र वाचलं, घडी घालून उशीखाली ठेवलं, आणि कामाला गेली. हेच मला बघवत नाही.

अक्का


हॅनोव्हर, १२ जानेवारी १९६४

चि. यशवंतास आशीर्वाद.

इथे बर्फ फार आहे. आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांचा खोकला बसला. वीणाचे दोन महिने संपत आले.

शिफारसपत्राची आता काळजी करू नकोस. त्याची व्यवस्था झाली आहे. तू तुझ्या खुर्चीत सुखाने बस. पुन्हा त्या विषयावर लिहायची गरज नाही.

लतिकेला नमस्कार नाही, आशीर्वाद. ती माझ्याहून लहान आहे हे विसरतेच मी.

हिवाळ्यात हात आखडतो, म्हणून थोडक्यात.

अक्का


हॅनोव्हर, २ फेब्रुवारी १९६४

यशवंता,

मागचं पत्र खोटं होतं. आशीर्वाद खरा होता, बाकी खोटं. तुला संशय आलाच असेल, मी कधी एवढं गोड लिहिलंय?

सांगते. इथे दिनकर म्हणून आपल्याकडचा मुलगा आहे, टेक्निकल कॉलेजात डॉक्टरेट करतो, रविवारी आमच्याकडे भाताला येतो. त्याच्याकडे टाइपरायटर आहे. मी त्याला सांगितलं, वीणाच्या बाबांनी मजकूर कळवलाय, तू इंग्रजीत नीट करून दे. तो बिचारा "हो काकू" म्हणून देऊन गेला. छान होतं. मला वाचता येत नव्हतं, पण कागद बघूनच कळतं. मग मी तुझी चार ओळींची चिठ्ठी काढली, तीन दिवस धुलाईखान्याच्या पावत्यांच्या पाठीवर हात बसवला, आणि केली तुझी सही. तू सही करताना बाबांसारखाच शेवटचा फाटा लांब ओढतोस. अवघड गेली नाही.

कागद वीणाच्या फायलीत घातला. वाटलं, ती बघेल, आनंदाने उडी मारेल, म्हणेल बाबा विरघळले.

तिने बघितला. खिडकीपाशी नेला. मी कांदा चिरत होते.

"आत्या, हे कधी आलं?"

"परवा."

"पाकीट कुठाय?"

"फेकलं."

"बाबांची पाकिटं तू फेकत नाहीस. साखरेच्या डब्यामागे ठेवतेस. मी बघितली आहेत, मागची सगळीसुद्धा."

म्हटलं, "हो, मी केली. कर काय करायचं ते. तुझ्या बापाला जे करायला पाहिजे होतं ते मी केलं."

ओरडली नाही. ओरडली असती तर मी दुप्पट ओरडले असते, मला ते जमतं. ती कांद्याच्या पाटापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "बाबांनी नाही म्हटलं ते मला पटलेलं नाही. मी त्यांना तसं तोंडावर सांगून आले. पण आत्या, ते नाव त्यांचं आहे. ते त्यांनी द्यायचं नाही तर नाही. आपण घ्यायचं नसतं."

"आणि तुझं डॉक्टर होणं?"

"होईल नाहीतर नाही होणार. पण रोग्याला चहा मी दिला हे सांगायचं, आणि हे मात्र लपवायचं, मग मी कोण?"

तिने कागद फाडला. चार तुकडे. मग माझा हात धरून बसली. यशा, मला इतकी लाज बाबांनी झापल्यावरही कधी वाटली नव्हती. आणि इतका आनंदही. तो का, ते मला विचारू नकोस.

तुझं नाव मी खोटं लिहिलं. चुकले. हे लिहायला मला तीन कागद लागले, दोन चुरगळून टाकले. ह्यांना सांगितलं तर ते पहिल्यांदा तुझ्या बाजूने बोलले. म्हणाले, "यशवंतराव असते तर म्हणाले असते, सुधाचा हात चांगला आहे, पण वापर चुकला." बघ, तुझ्यावर रागही न धरणारा माणूस आहे तो, आणि तू त्याला दाखला दिला नाहीस. जाऊ दे. हे शेवटचं.

वीणा बुधवारी गोटिंगेनला जाऊन आठच कागद देऊन येणार आहे. मी बरोबर जाणार. ती नको म्हणते. मी जाणार.

अक्का


हॅनोव्हर, ९ फेब्रुवारी १९६४

यशवंता,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

जाऊन आलो. टेबलापलीकडे एक टकला माणूस, बाहीवर शाई पडू नये म्हणून काळी पिशवी घातलेली, अगदी आपल्या मामलेदार कचेरीतला वाटावा. त्याने एकेक कागद मोजला. एक, दोन, तीन. सहावा म्हणजे तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली स्वतःची हकिगत. इथे ती हातानेच लिहावी लागते, टाइप केलेली चालत नाही, अक्षरावरून माणूस बघतात म्हणे. आठ झाले. तो थांबला.

"कॉलेजची शिफारस?"

"नाही," वीणा म्हणाली.

"येणार आहे?"

"नाही येणार."

"का बरं? काही भांडण?"

"माझे वडील समितीवर आहेत. ते माझी शिफारस करणार नाहीत."

मी मधे तोंड घालणार होते, माझं जर्मन कसलं, पण घालणार होते. वीणाने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. माणसाने चष्मा काढला, तिच्याकडे बघितलं. "आल्झो," म्हणाला, म्हणजे आपलं 'असं तर'. मग, "असे वडील माझ्या माहितीत एकच होते. माझे." हसला की नाही ते कळलं नाही, ह्या लोकांचं हसणं बघायला चष्मा लागतो.

तो म्हणाला, नवव्याच्या जागी दुसरं काही असेल तर जोडा, समितीचे लोक बघतील, मी वचन देत नाही. तेव्हा वीणाने पिशवीतून हिल्डेगार्डचा कागद काढला. इथे कुणाकडे काम केलं की सुटताना त्याने लिहून द्यावंच लागतं, माणूस कसा वागला ते. वीणाला वाटत होतं, नर्सचा कागद डॉक्टरांच्या कॉलेजात कोण बघणार, म्हणून तिने तो मागे ठेवला होता. तीनच वाक्यं आहेत. वीणाने मला घरी अर्थ सांगितला होता, मी पाठ केलाय.

"तिला किळस येत नाही. ती घाई करत नाही. चूक झाली तर कोणी बघितलं नसलं तरी स्वतः येऊन सांगते."

माणसाने ते वाचलं, फायलीत सगळ्यांत वर ठेवलं, आणि शिक्का मारला. एवढा जोरात मारला की टेबल हललं.

गाडीत येताना मी विचार करत होते. तिसरं वाक्य हिल्डेगार्डने लिहिलं खरं. पण ते तिला शिकवलं कोणी?

मी हे तुझ्या कौतुकासाठी लिहीत नाहीये.

अक्का


हॅनोव्हर, २२ मार्च १९६४

यशा,

एका आठवड्यात दोन पाकिटं आली. पहिलं तुझं.

मी दारातच फोडलं. समितीचं शिफारसपत्र, दोघांच्या सह्या, कॉलेजचा शिक्का. तिसरी सही नाही, कारण तू समितीतून राजीनामा दिलास. तेव्हा कुठे त्यांनी वीणाचं नाव टेबलावर घेतलं. अरे वेड्या! मुलीसाठी एक सही करवत नव्हती, म्हणून अकरा वर्षांची खुर्ची सोडलीस? आणि पत्रावर तारीख चोवीस फेब्रुवारी. मुदत पंधरा. मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही, शेजारीण दार उघडून बघायला आली एवढं खरं.

मग तुझं स्वतःचं पत्र. ह्या वेळी चार ओळी नव्हत्या. ते मी वीणाला वाचायला लावलं नाही, स्वतः वाचलं, बोट ठेवून, दोन दिवस लागले.

तू लिहितोस की बाबांना माहीत होतं. मी फाटा डावीकडे वळवायचे आणि बाबांचा उजवीकडे जायचा. दुसऱ्याच वेळी त्यांनी ओळखलं. तुला एकट्याला बोलावलं. तू चड्डीत थरथरत होतास, आणि ते म्हणाले, "मास्तरांना सांग, ह्या घरात सुधाची सही चालते." आणि पुस्तक परत दिलं. पुढची बारा वेळा तू मला हे सांगितलं नाहीस, कारण तुला वाटलं मी सह्या करायचं बंद करेन. आणि तू लिहितोस, तेव्हापासून कुणाच्याही कागदावर, त्यातून आपल्या माणसाच्या, सही करताना तुझा हात भितो. वाटतं, कोणीतरी फाटा बघतंय.

चाळीस वर्षं, यशा. चाळीस वर्षं तू हे पोटात घेऊन बसलास, आणि मी तुला गर्विष्ठ म्हणत राहिले. ह्यांना वाचून दाखवलं. ते लेथवर काम करताना बघतात तसे हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्यांना लिही, वर्कशॉपची जागा मिळाली असती तर मी सांगलीतच राहिलो असतो, आणि वीणाला इथे उतरायला घर मिळालं नसतं." हा त्यांचा निरोप. मी असलं गोड बोलले नसते.

दुसरं पाकीट गोटिंगेनचं. शनिवारी आलं. वीणाने माझ्याच हातात दिलं, म्हणाली, तू फोड. मी म्हटलं, मला वाचता येत नाही. म्हणाली, "कागद बघूनच कळतं म्हणतेस ना." फोडलं.

घेतलं, यशवंता. तिला घेतलं. आठ कागद आणि तीन वाक्यांवर.

पण थांब, पेढे वाटू नकोस. इथे एकविसाव्या वर्षापर्यंत मूल अज्ञान धरतात, आणि वीणा एकोणिसाची. नाव घालायला वडिलांची संमती लागते. सोबत तो फॉर्म आहे. नीट बघ. त्यात समिती नाही, कॉलेज नाही, मुलगी हुशार की मठ्ठ हा प्रश्नच नाही. एक रकाना आहे, वडील. तिथे फक्त तूच बसू शकतोस, त्यातून राजीनामा देता येत नाही. मला ती सही येते, पण मी हात लावणार नाही. फाटा तुला हवा तिकडे वळव.

तुझी अक्का


हॅनोव्हर, २६ एप्रिल १९६४

प्रिय यशास,

फॉर्म पोचला. तुझी सही बघितली. फाटा थोडा वाकडा गेलाय, पण आहे. आणि त्याच्याखाली तू तुझ्या बारीक अक्षरात इंग्रजीत जे लिहिलंस ते वीणाने गाडीत वाचून सांगितलं. जर्मनीतील पालक म्हणून माझ्या थोरल्या बहिणीस नेमत आहे. तिची सही माझ्या सहीच्या जागी चालेल.

एवढ्या गर्दीत गाडीत मला रडवलंस. समोरच्या बाईने मला पेपरमिंटची गोळी दिली.

तोच टकला माणूस, तीच काळी पिशवी. त्याने फॉर्म वाचला आणि माझ्याकडे फिरवला. "बिटे, फ्राऊ पाटणकर. इथे." मी वीणाला मराठीत विचारलं, "कुणाची करू?" सवय रे. तर ती पोर खो खो हसली. म्हणाली, "आत्या, तुझी."

बाबांची चौदा वेळा केली, हात हलला नाही. तुझी केली, हलला नाही. माझी करताना टाकाचं टोक कागदाला टेकेना. वीणाने पगाराच्या वहीसाठी महिनाभर मला इकडच्या अक्षरांत नाव गिरवायला लावलं होतं, तेही सगळं विसरले. शेवटी मराठीतच केली. माणूस वाकून बघत होता. मी म्हटलं आता म्हणेल चित्र सुंदर आहे. तसं म्हणाला नाही. शाईवर टीपकागद दाबला, आणि वीणाला म्हणाला, बुधवारी सकाळी आठला पहिला तास, उशीर नको.

परवा तिला खोलीवर सोडून आले. पांढरा कोट मीच इस्त्री केला. कॉलर अशी बसली आहे की हिल्डेगार्डनेही नाव ठेवू नये. घरात आता पसारा नाही, ताटात पुस्तक नाही, मला करमत नाही. समितीचं ते उशिरा आलेलं पत्र मी साखरेच्या डब्यामागे ठेवलंय, तुझ्या पाकिटांबरोबर. फाडवत नाही. त्यावर तुझी सही नाही म्हणूनच ते मला आवडतं.

आता तू आणि लतिका या. वीणासाठी टाकलेली कॉट ह्यांनी अजून काढलेली नाही. उत्तर चार ओळींत आलं तर परत पाठवीन.

मागे राहिलेले सगळे आशीर्वाद ह्या कागदावर एकदम देते. मोजून घे.

सुधा मोहन पाटणकर

(सही खरी आहे.)